मामंजींची शिंदी

यंदा थंडी जरा लवकरच उतरली. इंदापुरात आमच्या घरामागच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की खिडक्यांची तावदानं दिवसभर थरथरतात, आणि संध्याकाळी वारा पडला की एक वास अंगणात येऊन थांबतो. आंबूस, गोडसर, थोडा करपलेला. नातू म्हणतो, "आजी, कारखान्याच्या मळीचा वास आहे तो. त्यातूनच स्पिरिट काढतात." सून लगेच उठून खिडक्या लावते. मी मात्र खुर्ची जरा पुढं ओढते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असल्या वासाकडं तोंड करून बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण त्या वासाच्या तळाशी मला दुसराच एक वास लागतो. शिंदीचा. घोंगडी पांघरून ओट्यावर येऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या मिशांना यायचा तो.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मी मामंजी म्हणायची. साल नेमकं सांगता येणार नाही, पण एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. खेड्यापाड्यांत खादीच्या टोप्या दिसायला लागल्या होत्या. माझं माहेर बारामतीचं. वडील एका गुळाच्या अडत्याकडं दिवाणजी होते, त्यामुळं आमच्या घरातल्या सगळ्या ऋतूंना गुळाचाच वास. मराठी सातवी झाले आणि लगेच माझं लग्न झालं. सासर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडचं एक लहानसं गाव, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. पाणी तिथवर येता येता दमून जायचं. पण येईल तेवढ्यावर वांगी, पावटा, पेरूची थोडी झाडं आणि उसाचा एक तुकडा उभा असायचा.

माहेरी दारूचं नाव काढायची पद्धत नव्हती. कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यामागं विलायती बाटल्या साचायच्या. त्या रिकाम्या बाटल्या फेरीवाल्याकडून घेऊन बायका त्यांत गोडं तेल भरून ठेवायच्या. दारूशी आमचा संबंध एवढाच.

सासरी आले तेव्हा मार्गशीर्ष होता. पहिल्या दोन-चार दिवसांतलीच गोष्ट. दिवस कलला तसे मामंजी उठले, मुंडासं नीट केलं, काठी घेतली आणि ओढ्याच्या वाटेनं गेले. मी चुलीपुढं होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना मी विचारलं, "मामंजी कुठं गेले हो?"

"बनात."

"आत्ता? कशाला?"

"शिंदी प्यायला. दुसरं काय देवदर्शनाला?" आत्याबाई भाकरी थापत म्हणाल्या. त्यांचा हातसुद्धा थांबला नाही.

माझा मात्र थांबला. दारू पिऊन आलेला माणूस काय करतो, याच्या ऐकीव गोष्टी माझ्या डोक्यात भरपूर होत्या. हे आता झोकांड्या खात येणार, भांडी फेकणार, शिव्या देणार, असं धरून मी पाण्याचा हंडासुद्धा भिंतीकडं सरकवला. दिवे लागायच्या आधी मामंजी परत आले. बाहेरच्या दगडावर पाय धुतले, घोंगडी घेतली आणि ओट्यावर बसले. तोंड रस्त्याकडं, पाठ दाराकडं. थोड्या वेळानं आवाज आला, "पोरी, बारामतीत आता दिवं लागलं असतील न्हवं?"

मला कळेचना, कुणाला विचारतात. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तुला इचारत्यात. बोल की."

मी दाराच्या आड उभी राहिले, पदर सावरला आणि म्हटलं, "व्हय."

तो आमचा पहिला संवाद.

दिवसाचे मामंजी वेगळे होते. दिवसा ते सुनेशी एक शब्द बोलत नसत. पाणी हवं असलं तर छपराकडं बघून "पानी पायजे" म्हणत. घरात शिरताना बाहेरूनच खाकरत, म्हणजे आम्ही पदर घ्यावा. तो काळच तसा होता. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही. माझे यजमान इंदापूरच्या शाळेत मास्तर. ते शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात, आणि आले तरी चार माणसांदेखत नवऱ्यानं बायकोशी बोलणं हे त्या घरात लाजिरवाणं होतं. आत्याबाई कामापुरतं बोलायच्या. बारामतीच्या गजबजलेल्या आळीतून आलेली मी. दिवसभर मुकी असायची. कधी कधी वांगी खुडताना मी वांग्यांशीच काहीबाही बोलायची, आपला आवाज आहे ना अजून, हे बघायला.

आणि मग संध्याकाळ व्हायची. शिंदीचे चार द्रोण पोटात गेले की मामंजींची जीभ सैल व्हायची. बरळत नसत. उलट त्यांचं बोलणं हळू आणि मऊ व्हायचं. ते रस्त्याकडं बघून बोलायचे आणि मी दाराआडून उत्तर द्यायची. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा एकटाच बोलतोय. रीतही सांभाळली जायची आणि बोलणंही व्हायचं. आगगाडीचं इंजिन जवळून कसं दिसतं? अक्षरं वाचताना ती डोक्यात ऐकू येतात का नुसती दिसतात? असले प्रश्न मला नंतर कधी कुणी विचारले नाहीत. ते स्वतःचंही सांगायचे. कालवा खणला जात होता तेव्हा ते पोरसवदा होते आणि त्यांनी डोक्यावरून माती वाहिली होती. "पानी आलं त्या दिशी आमी त्याच्या म्होरं पळत हुतो," ते म्हणाले, "पानी मागं आन् आमी म्होरं."

एका संध्याकाळी त्यांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "आमची सोनी अशीच दाराआडनं बोलायची. पलेगात गेली."

घरात सोनी नावाची मुलगी होती हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी चुलीकडं बघितलं. आत्याबाई लाकूड पुढं सारत होत्या, आणि धूर नव्हता तरी त्यांनी डोळे पुसले.

शिंदीचं बन मी पाहिलं ते गुऱ्हाळ सुरू झाल्यावर. ओढ्याच्या काठानं मामंजींच्याच जमिनीत ती झाडं होती. बारीक, खरबरीत बुंध्याची, वर काटेरी झिपऱ्या. आबकारीच्या मक्तेदारानं ती मक्त्यानं घेतलेली. त्याच्या वतीनं तिथं शिंदी विकायला बसायची रखमाबाई. नवरा झाडाला छेद द्यायचा, तो झाडावरूनच पडून मेला, तेव्हापासून ती बसायची आणि झाडावर तिचा दीर चढायचा. झावळ्यांचा एक मांडव, त्याखाली ओळीनं मडकी. सकाळी उतरवलेली शिंदी नुसती गोड असते, लहान मुलंही पितात. दिवस चढेल तशी ती फसफसते, आणि संध्याकाळपर्यंत तिला आंबटपणा आणि थोडी नशा येते.

गुऱ्हाळ बनाच्या शेजारीच होतं. दिवसभर चरक फिरायचा, काहिलीखाली जाळ ढणढणायचा, आणि त्या जाळावर काम करणारी माणसं संध्याकाळी बनात जाऊन टेकायची. मी भाकऱ्या घेऊन गेले होते, परत निघताना थबकले. मांडवाखाली आठ-दहा माणसं मांडी घालून बसली होती, हातात पळसाचे द्रोण. कुणी बैलाचं सांगतंय, कुणी पाण्याच्या पाळीवरून कुरकुरतंय. सगळी एकमेकांना ओळखणारी. हे सगळं सुंदरच होतं असं मी म्हणणार नाही. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गावकुसाबाहेरची माणसं बसली होती आणि रखमाबाईचा दीर त्यांच्या द्रोणांत वरून, हात लांब करून ओतत होता. ते त्या दिवशी कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

तेवढ्यात सखाराम आला. आमच्या भावकीतला, शेजारच्या घरात राहणारा. त्याचे डोळे आधीच लाल होते. गावच्या वेशीजवळ सरकारमान्य गुत्ता होता, तिथं मोहाची कडक दारू मिळायची. तिथून तो आला होता.

"रखमे, भर," तो म्हणाला.

रखमाबाईनं मडक्यावर झाकण ठेवलं. "न्हाय भरायची. तितली पिऊन आलाईस. घरला जा."

"पैसं घे की फुडचं!"

"पैसं नगंत मला तुजं. गोदा वाट बघत आसंल, पोरं उपाशी हायती. तात्या, सांगा ह्याला."

मामंजी नुसते त्याच्याकडं बघत राहिले. सखारामनं मान खाली घातली. मग दोघं जण उठले आणि त्याला मधे घेऊन गावाकडं चालायला लागले. गप्पा जिथं तुटल्या होत्या तिथून पुन्हा सुरू झाल्या.

परवा नातवाच्या मित्राची हळद होती. हायवेच्या कडेला मोठं कार्यालय. मी एका खुर्चीत बसून होते. पलीकडं गाड्या लावायच्या जागेत पोरांचं सारखं जाणं-येणं चाललेलं. गाडीची डिकी उघडायची, काळ्या पिशवीतली बाटली निघायची, उभ्याउभ्या प्लास्टिकच्या पेल्यात ओतायची, कडू औषध घ्यावं तशी घशाखाली घालायची आणि तोंडात बडीशेप टाकून मांडवात यायचं. कुणाचं तोंड कुणाकडं नाही. माझा नातू नितीन लोणी देवकरच्या कारखान्यात आहे. त्याची पाळी आठवड्याला बदलते, झोप कधीच पुरी होत नाही. गुणी आहे पोरगा. त्या रात्री घरी आला आणि सरळ आपल्या खोलीत शिरला. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "काल घेतली होतीस."

तो दचकला. "वास आला तुला?"

"वास नाही आला. तू बोलला नाहीस, म्हणून कळलं."

त्यानं माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. मग म्हणाला, "आजी, दर शनिवारी जातो मी. घरापासून लांबच्या एका परमिट रूममध्ये. तिथं मला कुणी ओळखत नाही. तेवढे दोन तास कुणी काही विचारत नाही ना, बरं वाटतं."

मी त्याला काय सांगणार? आमच्या वेळी सगळे ओळखायचे म्हणून माणसं तिथं जाऊन बसायची, हे त्याला सांगून कळलं नसतं. त्याच्या दोन तासांची मला चीड आली नाही. वाईट वाटलं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला घरी जा म्हणून सांगणार तरी कोण?

मी सासरी आले त्याच हिवाळ्यात, गुऱ्हाळ ऐन भरात असताना, एका शनिवारी दुपारी सखारामची बायको गोदाक्का आमच्या मागच्या दारानं आत आली. कपाळ फुटलेलं. रक्त भुवईवरून खाली येत होतं आणि ती ते पदरानं टिपत अगदी शांतपणे म्हणाली, "आत्ती, जरा हळद द्या."

मी जखम धुतली. हळद दाबताना मी डोळे मिटून घेतले. ती मलाच धीर देत होती. "लई न्हाय लागलं गं. गुत्त्यावरनं आला की हुतंय आसं." आमचे हे नुकतेच इंदापूरहून आले होते. दारात उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. अंगात खादी, खांद्यावर झोळी. चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच बाहेर गेले आणि तासाभरानं गावातली चार-पाच तरणी पोरं घेऊन आले. मामंजी ओट्यावर दोर वळत होते.

"तात्या," हे म्हणाले, "ओढ्याचं बन तोडायचं ठरलंय."

"कुनी ठरिवलं?"

"आम्ही सगळ्यांनी. दारू गावातनं गेली पाहिजे."

मामंजींनी दोर बाजूला ठेवला. "सखा बनातली पिऊन मारत न्हाय, बापू. त्यो गुत्त्यावरची पितो. गुत्ता तोडा की."

"गुत्त्यावर पोलीस असतो."

"म्हंजी झाडापाशी पोलीस न्हाय, म्हनून झाड तोडायचं व्हय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. यांचे कान लाल झाले. मग ते जे बोलले ते मी दाराआडून ऐकलं. "ज्याचा बाप रोज बनात बसतो, त्यानं गावाला कोणत्या तोंडानं सांगायचं दारू सोडा म्हणून?"

मामंजींनी दोर पुन्हा हातात घेतला, पण वळला नाही. त्या संध्याकाळी ते बनात गेले, येऊन ओट्यावर बसले, आणि मी दाराआड उभी असूनसुद्धा काही बोलले नाहीत.

मला कुणी विचारलं नाही. बायकांना विचारायची रीतच नव्हती. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. गोदाक्काचं कपाळ माझ्या हातांनी धुतलं होतं. आणि दिवसभरात माझ्याशी प्रेमानं बोलणारा एकच माणूस होता, तो बनातून आल्यावर बोलायचा.

रविवारी सकाळी कुऱ्हाडींचा आवाज आला. आत्याबाई दळत होत्या, त्यांनी जात्याचा खुंटा सोडला. मामंजी मळ्यात वांगी खुडत होते. मी न्याहारी घेऊन गेले तेव्हाही खुडतच होते. प्रत्येक आवाजाला त्यांची मान थोडी हलायची, पण त्यांनी ओढ्याकडं एकदाही बघितलं नाही. दुपारपर्यंत बन आडवं झालं. मडकी फुटली होती आणि सकाळची गोड शिंदी जमिनीत मुरली होती. तिच्यावर मुंग्या आणि गांधीलमाश्यांची जत्रा लागली. सगळ्या गावावर तो गोड वास पसरला होता, लग्नघरासारखा.

रखमाबाई मांडवाच्या मोडलेल्या झावळ्या गोळा करत होती. ती रडली नाही की भांडली नाही. यांच्याकडं बघून एवढंच म्हणाली, "बापू, तुमचं काय चुकलं म्हनत न्हाय मी. पन आता सख्याला घरला कोन धाडंल?"

हे मला यांनीच पुढं सांगितलं, म्हातारपणी. ते वाक्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

मक्तेदारानं फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी पहाटे, हे निघायच्या आत पोलीस आले आणि यांना आणि त्या पोरांना इंदापूरच्या कचेरीत घेऊन गेले. नोकरी जाणार, तुरुंग होणार, असं गावात बोललं जात होतं. आत्याबाईंनी चूल पेटवली नाही. मामंजींनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, सणाला बांधायचं मुंडासं बांधलं आणि स्वतः गाडी जुंपली. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय करनार तुमी तितं जाऊन?"

"बघतो," ते म्हणाले, आणि बैलांना टिचकारी मारली.

तिथं काय झालं तेही मला यांच्याकडूनच कळलं. मामलेदारांनी विचारलं, "झाडं कुणाची?"

"माजी, सायेब," मामंजी म्हणाले.

"ही पोरं परवानगीशिवाय तुमच्या जमिनीत शिरली?"

"न्हाय सायेब. म्याच सांगितलं तोडा म्हनून."

मक्तेदार ओरडला, "खोटं बोलतोय म्हातारा! हाच तर रोज तिथं येऊन पितो. सगळ्या गावाला विचारा!"

मामलेदारांनी मामंजींकडं बघितलं. "खरं आहे का? पिता तुम्ही?"

"पीत हुतो," मामंजी म्हणाले.

ते दोन शब्द हे दर वेळी पुन्हा म्हणून दाखवायचे. 'पितो' नाही म्हणाले. 'पीत हुतो' म्हणाले. शनिवारच्या संध्याकाळपर्यंत पीत होते आणि कचेरीतल्या त्या एका क्षणात त्यांनी सगळं मागं टाकलं. मालकानंच झाडं तोडायला सांगितली म्हटल्यावर फिर्यादीत दम राहिला नाही. मक्तेदाराची भरपाई मामंजींवर आली, ती त्यांनी मुकाट्यानं मान्य केली, आणि पोरं सुटली.

दिवस कलता कलता गाडी दारात आली. पुढं मामंजी, मागं हे. सगळ्या वाटेत दोघं एक शब्द बोलले नव्हते. हे खाली उतरले, बापाकडं बघितलं, आणि तसेच आत निघून गेले. मामंजींनी बैल सोडले, त्यांना वैरण टाकली, पाय धुतले. त्यांची बनात जायची वेळ झाली होती. सवयीनं त्यांनी काठी उचलली, ओट्यावरून दोन पावलं खाली उतरले आणि थांबले.

इतकी वर्षं त्या शिंदीवरून धुसफुसणाऱ्या आत्याबाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "जावा की. वढ्याच्या वरल्या अंगाला दुसरं बन हाय म्हनत्यात."

"सरकारात सांगून आलोय न्हवं, पीत हुतो म्हनून," मामंजी म्हणाले. "आता कसं जायाचं?"

काठी भिंतीला लावून ते ओट्यावर बसले. त्यानंतर त्यांनी शिंदीला कधी तोंड लावलं नाही. कुणासमोर शपथ घेतली नाही, गळ्यात माळ घातली नाही. मुलासाठी एक खोटं बोलले होते आणि ते खरं करून दाखवायला जन्मभर झिजले.

पण माझ्या संध्याकाळी गेल्या. आता ओट्यावर दिवसाचेच मामंजी बसायचे. मी दाराआड जाऊन उभी राहायची, मुद्दाम बांगड्या वाजवायची. ते नुसते रस्त्याकडं बघत असायचे. एकदा धीर करून मीच म्हटलं, "बारामतीत आता दिवे लागले असतील." त्यांनी मान हलवली, ओठही हलले, पण शब्द आला नाही. मला वाटलं, माझ्याशी बोलत होती ती शिंदीच. मामंजी माझ्याशी कधी बोललेच नव्हते. त्या दिवशी मी चुलीपुढं खूप रडले, आणि आत्याबाईंनी मला धुराच्या नावानं रडू दिलं.

रखमाबाईला आत्याबाईंनीच कामावर घेतलं. तिच्या झोपडीपर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं वांगी खुडाया ये." ती आली. मामंजी मळ्यात असले की ती दुसऱ्या वाफ्यात जायची. सखारामला आता कुणी अडवणारं नव्हतं. बन गेलं होतं, वेशीवरचा गुत्ता तसाच होता. पौषाच्या शेवटी गोदाक्का दोन्ही पोरं घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना मला भेटून गेली. कपाळावरचा व्रण कुंकवाखाली अर्धा झाकला होता.

हे शनिवारी यायचे. आल्या आल्या एखादं पुस्तक घेऊन माडीवर जायचे ते जेवायलाच खाली. पण एका शनिवारी, संक्रांत होऊन गेली होती, ते पुस्तक न घेता बाहेर आले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. बापलेक दोन टोकांना, मधे पाच माणसं बसतील एवढी जागा. अंधार पडेपर्यंत दोघं तसेच बसले. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच. जेवताना आत्याबाईंनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी हे म्हणाले, "तात्या, यंदा पाण्याची पाळी लांबली म्हणे."

मी हातातली परात तशीच धरून उभी राहिले.

"लांबली," मामंजी म्हणाले. "वरलं लोक सोडत न्हाईत."

"अर्ज करायचा का? मी लिहून देतो."

"लिव्ह." मग मामंजी म्हणाले, "कालवा खनला तवा म्या हुतो तितं. तुला सांगितलं न्हवतं कदी."

"नाही."

"पानी आलं त्या दिशी आमी त्याच्या म्होरं पळत हुतो."

ही गोष्ट माझी होती. म्हणजे मला तसं वाटायचं. आता ती हे ऐकत होते, ओट्याच्या त्या टोकावरून हळूहळू अलीकडं सरकत. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. आणि थोडा हेवाही वाटला. यांना बापाशी बोलायला शिंदी लागली नाही, आणि मामंजींना मुलाशी बोलायला लागली नाही. मग माझ्याशी बोलायलाच का लागावी? मी परात खाली ठेवली आणि मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं.

पुढच्या शनिवारी त्यांचं बोलणं रंगलं होतं. थंडी आता ओसरत आली होती. पेरूचा शेवटचा बहर उतरवून झाला होता आणि गुऱ्हाळाचा जाळ विझून दोन दिवस झाले होते. मी आत कालवणाला फोडणी देत होते. बाहेरून मामंजींचा आवाज आला, तसाच हळू आणि मऊ, पण आता त्याला कशाचाही वास नव्हता.

"पोरी, त्या आगीनगाडीचं सांग की बापूला. माज्याच्यानं नीट सांगवत न्हाय."

हे बाहेर होते. नवऱ्यादेखत सासऱ्याशी बोलायचं, ते तरी कसं? मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"जा," त्या म्हणाल्या. "म्या बघते कालवन."

मी पदर सावरला आणि दाराआड जाऊन उभी राहिले, नेहमीसारखी. तेव्हा मामंजी पहिल्यांदाच मागं वळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा समोरून पाहिलाच नव्हता. डोळे घारे होते. मला ते माहीतच नव्हतं.

"हुबी का?" ते म्हणाले. "बस की हितं."

मी उंबऱ्याला लागून खाली बसले आणि सांगायला लागले.